आत्याचा गहू, बटाईदाराचं शेत आणि दोन गुंठे जागा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या, इंदूरला राजेंद्र नगरात राहतात, नोकरी करतात. देवासच्या बाजूला घराण्याची सहा एकर काळी जमीन आहे, बरीच वर्षं बटाईने, म्हणजे पिकाच्या वाटणीवर, दिलेली. तिथल्या जुन्या घरात त्यांची आत्या राहते, वय ऐंशीच्या आसपास. आत्या दरवर्षी परसातल्या तुकड्यात एक जुना, उंच वाढणारा माळवी गहू लावायची, घरच्या बाफल्यांपुरता (कणकेचे उकडून भाजलेले गोळे), आणि बी कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवायची. दोन वर्षांपासून गुडघे साथ देत नाहीत म्हणून पेरणी बंद आहे, पाच-एक किलो बी उरलंय. बाईंनी बटाईदाराला म्हटलं की एक एकर हा गहू लाव, तर तो म्हणाला, दीदी, नवा गहू एकरी वीस क्विंटल देतो, हा आठच्या वर जाणार नाही आणि आडवा पडेल तो वेगळाच. पुण्याचा भाऊ म्हणतो सरकारी जीन बँकेत (जिथे वाणांचं बी जपून ठेवतात) देऊन मोकळी हो, नाहीतर ‘शुगर फ्री देशी गहू’ म्हणून ऑनलाइन विकून टाकू. बाई विचारतात, "मी शेतकरी नाही. पण हे बी माझ्या हातात संपलं तर मला आयुष्यभर टोचत राहील. बटाईदारावर दबाव टाकू, बँकेत देऊ, की सोडून देऊ?"

तुम्ही तीन पर्याय दिलेत, पण त्यातला एक निवडायच्या आधी एक काम करा, या रविवारीच करा, ते बी जिवंत आहे का ते बघा. दोन वर्षांत गव्हाचं बी मरतं असं नाही, नीट कोरडं असलं तर आरामात टिकतं, पण मधे दोन पावसाळे गेलेत आणि कोठी कितीदा उघडली, पाला कधी बदलला हे तुम्हाला माहीत नाही. कोठीत हात खालपर्यंत घालून वरचं, मधलं, तळाचं असं थोडं थोडं बी काढा, त्यातले शंभर दाणे मोजा, चांगले चांगले निवडून घेऊ नका, येतील तसे घ्या. ओल्या सुती फडक्यावर रांगेत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज थोडं पाणी शिंपडत राहा. आठव्या दिवशी उघडून मोजा. प्रमाणित गव्हाच्या बियाण्याला उगवण 85 टक्के लागते, तुमचं तेवढं आलं तर उत्तमच, साठ आलं तरी घाबरायचं कारण नाही, पेरताना बी जास्त टाकायचं. तीस-चाळीसवर आलं असेल तर मात्र यंदाचा हंगाम सोडायचा नाही, कारण पुढच्या वर्षी आणखी कमी उगवेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पत्र दोन-तीनदा वाचलं आणि मला वाटतं तुम्ही काही गोष्टी गृहीत धरून बसलात आणि अडचण तिथेच आहे.

पहिली गोष्ट, एक एकर. एक एकर कुठून आलं? जपायला एक एकर लागतच नाही. गव्हाच्या फुलात परागण आपलं आपल्यात होतं, परका पराग फार क्वचित जातो, म्हणजे शेजारी नवा गहू उभा असला तरी तुमचा बिघडत नाही, मधे चार-पाच हात जागा सोडली की पुरे. एकरी चाळीस किलो बी धरलं तर एका गुंठ्याला एक किलो. दोन गुंठे लावले तर दोन किलो बी, म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास दाणे, आणि एवढी झाडं एखादं वाण पुढे न्यायला भरपूर झाली. आता हिशोब करा, बटाईदाराचेच आकडे घेऊन. दोन गुंठे म्हणजे एकराचा विसावा भाग, तिथे नवा गहू एक क्विंटल झाला असता, जुना चाळीस किलो होईल, फरक साठ किलोचा. 2025-26 च्या रब्बी खरेदी हंगामाचा हमीभाव 2425 रुपये क्विंटल होता, त्या भावाने साठ किलोचे होतात दीड हजाराच्या आत. तुमच्या आत्याचा गहू जिवंत ठेवायचा वर्षाचा खर्च हा एवढा आहे, वर एक दिवसाची मजुरी. हे ओझं तुम्ही एक एकर करून त्या माणसाच्या डोक्यावर ठेवत होतात, म्हणजे त्याच्या बारा क्विंटलवर पाणी सोडायला सांगत होतात, आणि बटाईत अर्धं नुकसान त्याचं. तो नाही म्हणाला यात चूक काहीच नाही.

म्हणून दबावाचा पर्याय मनातून काढूनच टाका. तुम्ही लिहिलंय की त्याला ‘जुन्याची किंमत नाही’. तसं मला वाटत नाही. त्याला घर चालवायचंय, आणि हा गहू माळव्यातून गेला तो कुणाला किंमत नव्हती म्हणून नाही गेला. पूर्वी इथल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात बरीच शेतं मोकळी ठेवायचे, कुळव घालत राहायचे, सगळं पाणी जमिनीत मुरायचं आणि दिवाळीच्या सुमारास त्या ओलीवर हा उंच गहू पेरला की पुढे पाणी मिळो न मिळो, तो खोल मुळांवर निघून जायचा. 1970 नंतर सोयाबीन आलं, पावसाळ्यात मोकळं राहणारं शेत भरलं, मग ट्यूबवेल आल्या, आणि पाणी-युरिया मिळाला की बुटका नवा गहू दुप्पट देतो आणि तुमचा उंच गहू लोळतो. त्याची जी जागा होती ती जागाच गेली. हे समजून घेतलं की एक व्यावहारिक फायदा होतो, तुम्हाला कळतं की तो लावायचा कुठे. शेताच्या ज्या टोकाला पाइप पोचत नाही, जिथे बटाईदार स्वतःच म्हणतो की इथे काही होत नाही, ते टोक मागा. पावसाळ्यात तिथे सोयाबीन घेऊ नका, किंवा मूग-उडीद घ्या जो लवकर निघतो, ओल शिल्लक राहील. युरिया नाही, पाणी दिलंच तर एखादं. मग तो आडवा पडणार नाही. आत्याला विचारा, ती हेच सांगेल.

आणि बटाईदाराशी बोलताना असं बोला की या दोन गुंठ्यांत नवा गहू किती झाला असता ते तूच सांग, तेवढ्याचे पैसे माझ्याकडून, वाटणी वगैरे काही नाही, शिवाय कापणीची मजुरी वेगळी. सरळ व्यवहार करा. भावनेत घेऊन ‘आपली परंपरा आहे रे’ म्हणून अर्धवट राजी केलेला माणूस ऐन मार्चमध्ये हार्वेस्टर आला की त्या टोकावरूनही फिरवून टाकतो, आणि सगळं बी नव्या गव्हात मिसळून मंडीत जातं. जुनी वाणं हरवतात ती बहुतेक अशीच, शेतात नाही तर हार्वेस्टरमध्ये, थ्रेशरमध्ये, कालच्या पोत्यात उरलेल्या चार मुठी दाण्यांत. तुमचे दोन गुंठे मशीन यायच्या आधी हाताने, विळ्याने कापायचे, पेंढ्या वेगळ्या बांधायच्या, ओटीवर नाहीतर गच्चीवर ताडपत्रीवर वाळवून काठीने झोडायच्या. एका रविवारचं काम आहे, इंदूरहून दोन-तीन जण गेलात तर दुपारपर्यंत उरकेल. उंच गव्हाचा भुसाही जास्त निघतो, तो बटाईदाराच्या गुरांना द्या, त्याला त्याचं मोल माहीत आहे.

दुसरी गोष्ट जी तुम्ही गृहीत धरलीत ती म्हणजे हा गहू ‘शेकडो वर्षांचा, शुद्ध’ आहे. असू शकतो. पण नसूही शकतो, आणि नसला तरी तो टाकाऊ होत नाही. सीहोर-विदिशाच्या शरबतीचं उदाहरण घ्या, लोक पुरातन समजून खातात, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि त्या नावाने जो गहू येतो त्यात सी-306 पुष्कळ असतो, जे 1960 च्या दशकातलं सुधारित वाण आहे. उलटही तेवढंच खरं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिहारमधल्या पुसाला अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या जोडप्याने पुसा 4, पुसा 12 हे गहू काढले ते इथल्याच शेतकऱ्यांच्या मिश्र गव्हातून निवडून. हेच हॉवर्ड पुढे 1924 ते 1931 आपल्या इंदूरला होते, कंपोस्टची इंदूर पद्धत ती त्यांचीच. तेव्हा जुनं आणि नवं यात भिंत नाहीये. तुमच्याकडे नक्की काय आहे ते कळायला सोपा मार्ग आहे, इंदूरला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, 1951 पासून, कठिया म्हणजे ड्युरम गव्हावर देशात सगळ्यात जास्त काम जिथे झालं त्यातलं एक. शेतात ओंब्या आल्या की पाच-सहा अख्ख्या ओंब्या, देठासकट, आणि मूठभर दाणे घेऊन तिथे जा. निदान कठिया आहे की साधा, एकच वाण आहे की मिश्रण, एवढं तरी बघणाऱ्याला ओंबीवरून सांगता येतं. तोपर्यंत तुम्ही स्वतः एक दाणा उजेडात धरून बघा, कठिया असेल तर लांबट, पिवळसर आणि काचेसारखा आरपार दिसतो, दाताखाली कडक लागतो, रवा सुंदर पडतो. म्हणूनच बाफले, लापशी, शेवया याच्याच. पोळीला मऊ गहूच बरा, हे आत्यालाही मान्य असेल.

केंद्राचं नाव काढलं म्हणून हेही सांगते की जुनं ते सगळं रोगाला दाद न देणारं असतं हा समज चुकीचा आहे. तांबेरा जुन्या माळवी गव्हांवर भरपूर यायचा, आणि त्याला तोंड देणारी वाणं शोधण्यात या लोकांची हयात गेली. जुन्या वाणांचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे, कमी पाण्यावर निभावणं, चव, दाण्याचा पोत, आणि त्यांच्यात अजून दडलेलं काहीतरी जे उद्याच्या एखाद्या रोगाच्या साथीत किंवा तापलेल्या मार्चमध्ये कामी येईल. 1970 मध्ये अमेरिकेत मक्यावर करप्याची प्रचंड साथ आली ती बहुतेक सगळ्या हायब्रिडांच्या बियाण्यात एकच गुण घातलेला होता म्हणून. सगळीकडे एकच पेरलं की असं होतं. तुमचे दोन गुंठे त्यासाठी महत्त्वाचे आहेत, आणि त्यासाठी तो गहू कशावरचं औषध असायची गरज नाही.

यावरून भावाचा ‘शुगर फ्री’. नका करू हे, आणि त्यालाही करू देऊ नका. गव्हात पिष्ट असतं, तो कुठलाही गहू असो. ‘ग्लुटेन फ्री’ तर अजिबात लिहू नका, कठिया गव्हात ग्लुटेन असतं आणि सीलियाक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्या कुणाच्या मुलाने तुमचं वाचून तो खाल्ला तर त्याला त्रास होईल. बी जपायला विक्री लागतेच असंही नाही, चाळीस किलोत विकणार काय. घरात खा, दोन-चार घरांना बाफल्यांसाठी द्या. पुढे कुणी मागायला लागलं तर ‘आमच्या शेतातला, एका पाण्यावरचा जुना गहू’ एवढं खरं नाव पुरतं.

आता तुमचा जीन बँकेचा पर्याय. द्या, जरूर द्या, पण ‘देऊन मोकळं’ व्हायला नाही. दिल्लीला राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोची जीन बँक आहे, तिथे उणे 18 अंशांवर बी ठेवतात, चार लाखांवर नमुने आहेत, काम चोख आहे. घरच्या कागदपत्रांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी तसं ते आहे, घर जळलं तर उपयोगी. पण तिथे झोपलेला गहू बदलत नाही, इकडे शेतातला दरवर्षी इथल्या उन्हाशी, पावसाशी, माणसांच्या निवडीशी जुळवून घेत राहतो. आणि बाफल्याचं पीठ किती जाड दळायचं ते फ्रीझरमध्ये कोण ठेवणार? एक मात्र, नमुन्यासोबत माहिती नसेल तर तो नमुना अर्धाच, म्हणून गाव, जिल्हा, जमीन, स्थानिक नाव, कुणी किती वर्षं लावला, हे सगळं लिहून द्या. देवासच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, इंदूरला कस्तूरबाग्रामचं आहे, ते पुढचा रस्ता दाखवतील.

ही माहिती कुणाकडे आहे? आत्याकडे. तुमच्या सगळ्या पत्रात आत्याला तुम्ही काय विचारलंत ते कुठेच नाही, आणि मला ते सगळ्यात जास्त जाणवलं. बी पाच किलो आहे, पुन्हा वाढवता येईल, तिच्या डोक्यात जे आहे ते वाढवता येणार नाही. पुढच्या वेळी गेलात की फोनवर रेकॉर्डिंग लावून निवांत बसा आणि विचारा, हे बी तिला कुणी दिलं, सासरहून की माहेरहून, नक्षत्र कुठलं बघून पेरायचे, ओंबीची दाढी कशी दिसायची, कुठल्या वर्षी गहू पार गेला आणि मग बी कुणाकडून परत आणलं. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. कारण कुणाकडून तरी परत आणलं असेल तर त्या घरात आजही थोडं असू शकतं, आणि तुम्ही एकट्याच उरलात असं जे तुम्हाला वाटतंय ते कदाचित खरं नसेल.

‘मी शेतकरी नाही’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. अहो, नका असू. अकोल्याच्या नाही, नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे, 2020 च्या पद्मश्री, त्यांनी परसातल्या वालांपासून सुरू केलं, आणि आपल्याच मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यातल्या पिथौराबादचे बाबूलाल दाहिया, 2019 चे पद्मश्री, ते बघेलीतले कवी, लोकगीतं-म्हणी गोळा करता करता त्यातली धानाची नावं ऐकून बियांकडे वळले, शंभरावर भाताची वाणं लावतात. त्यांच्याएवढं काही तुम्हाला करायचं नाहीये, एक गहू सांभाळायचाय.

कायद्याची भीती काही वाचकांना असते म्हणून सांगते, 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क आहे, फक्त संरक्षित वाण ब्रँड लावून विकता येत नाही. शेतकऱ्याचं जुनं वाण नोंदवायला अर्जाची फी नाही. नोंदणीने लगेच पैसे येतात असं समजून जाऊ नका, पण उद्या कुणी दुसऱ्याने ‘हे माझं’ म्हणू नये यासाठी बरी.

आता बी सांभाळायचं. पाचही किलो एकदम पेरू नका, कधीच नाही. दोन किलो शेतात, दोन किलो घरी, अर्धा किलो जीन बँकेला, बाकीचं अशा एका घरी जे खरंच लावेल. गारपीट एका रात्रीत सगळं नेते, मार्चमध्ये आपल्याकडे बघतोच आपण. ओंब्या भरताना चक्कर मारा, एखाद्या ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी दिसली तर ती काजळी, झटकू नका, वरून पिशवी घालून ओंबी तशीच उपटा आणि लांब नेऊन जाळा. हा रोग दाण्याच्या आत बसून पुढच्या वर्षी येतो, म्हणून मे महिन्यात बी सकाळी चार तास पाण्यात भिजवून मग कडक उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवायची जुनी रीत आहे, ती करा. बियाण्यासाठी ओंब्या निवडताना फक्त मोठ्या मोठ्या उचलण्याचा मोह होतो, तो टाळा, सगळ्या शेतातून, छोट्या-मोठ्या, थोड्या गडद थोड्या फिक्या अशा निदान दोनशे-तीनशे घ्या, नाहीतर चार-पाच वर्षांत तुमच्याकडे आत्याच्या गव्हाचा एकच तुकडा उरेल. वाळलेला दाणा दाताखाली कट् करून तुटला पाहिजे, चेपला तर अजून ऊन द्या. मग काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बरणीवर वर्ष आणि गाव लिहून. फ्रीजमधून काढलेली बरणी लगेच उघडू नका, बाहेरच्या हवेइतकी होऊ द्या, नाहीतर आत घाम धरतो.

ज्यांच्याकडे गहू नाही, दुसरं काही आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात: वाल, हरभरा, मूग हे गव्हासारखेच सोपे. तूर, मिरची, वांगं यात मधमाश्या मिसळ करतात, तेव्हा थोडी झाडं जाळीखाली घ्या. मका आणि बाजरी वाऱ्यावर मिसळतात, शेजारी हायब्रिड असेल तर दोनशे मीटरहून जास्त अंतर हवं किंवा पेरणी महिनाभर पुढेमागे. दुधी-गिलकी घरच्या घरी करता येते, मादी फूल उमलायच्या आधीच कागदी पिशवी, मग त्याच जातीच्या नर फुलाने हाताने परागण, परत पिशवी, फळाला दोरा बांधून ठेवा.

बटाईदाराशी बोलणं दसऱ्याच्या आधी उरका. सोयाबीन निघालं की त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, ट्रॅक्टर आला त्या दिवशी सगळं शेत एका दमात पेरून होतं आणि मग तुमच्या टोकासाठी परत कुणी येणार नाही. जागा आखून चार खुंट्या ठोकून घ्या, पेरणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, ओल बघून. आणि त्या दिवशी आत्याला खुर्ची घेऊन बांधावर बसवा, बी किती खोल पडतंय ते तिला लांबूनही कळेल, तुम्हाला आणि मला जवळूनही कळणार नाही.